गिरडच्या डबक्यातली पिल्लं

काल बोरगावच्या घरी कुंडीखालच्या ताटलीतल्या शेवाळाचा वास आला आणि मी लहानपणीच्या गिरडच्या जंगलात पोचले. त्या वर्षी पावसानं मधेच दडी मारली होती. सागाखालचं डबकं आटून परातीएवढं उरलं होतं आणि त्यात बेडकांची शेपटीवाली पिल्लं तडफडत होती. मी रडायलाच लागले.

"रडून काऊन राह्यली? घरून घागर आण!" आईनं डोक्यावरची मोळी खाली टाकली.

मग रोज आम्ही दोघी विहिरीचं पाणी आणून डबक्यात ओतायचो. एका सकाळी आई ओरडली, "पाह्य वं, पाय फुटले याइले!" नखाएवढी बेडकं आमच्या पावलांवरून टुणटुण उड्या मारत पाचोळ्यात पसरली. आई टाळ्या पिटत माझ्याआधी त्यांच्यामागे धावली.

आज कळतं, तीही तेव्हा जेमतेम पंचविशीची पोरच होती.