एका गल्लीतल्या पाच बाळंतिणी

हसणार असाल तर आधी चहाचा कप खाली ठेवा, सांडेल. आणि महादेवीसमोर हा विषय काढणार नाही असं कबूल करा. कारण या किश्श्यात मूर्ख एकच आहे, आणि तो तुमच्यासमोर बसलाय.

मी मूळचा मुरूमचा. शाळा चौथीत सुटली आणि हातात कात्री आली. लढाईच्या दिवसांत, निजामाचं राज्य असताना, धाराशिवला एका उस्तादांच्या शिलाईच्या दुकानात काम लागलं. काम झकास. पण बायको महादेवी आणि पाच महिन्यांचा बसू मुरूमलाच. मी दुकानातच निजायचो आणि स्वतः थापलेली भाकरी खायचो. ती भाकरी फेकून मारली असती तर भिंतीला भोक पडलं असतं!

बरं, महादेवीला आणावं तर तिच्या अटी.

"शेजारी लेकुरवाळ्या बाया असतील तर येते," ती म्हणाली. "परक्या गावात पोराला ताप आला तर मी काय भिंतीला विचारू? आणि ज्वारी ठेवायला कोरडी जागा बघा."

"आणि न्हाई मिळालं तर?"

"तर तुमी तिथं, आमी हितं. दिवाळीला या."

दिवाळीला! तुम्हीच सांगा, चोविसाव्या वर्षी माणसानं दिवाळीची वाट बघत भाकरी थापायची?

म्हणून मी गल्ली शोधायला निघालो. बाजाराजवळची गल्ली पाहिली, तिथं दिवसभर गलका. वेशीजवळची पाहिली, तिथं पाण्याला अर्धा कोस चालायचं. राहिली चिंचेची गल्ली. शेतकऱ्यांची पाच घरं, दाराशी बैल, मधोमध आड. मनात भरली. पण विचारायचं कसं? मी जन्माचा लाजाळू. अनोळखी बाई समोर आली की माझी नजर जी तिच्या उंबऱ्यावर जाते, ती तिथंच खिळते.

मग मी अक्कल लढवली. लढवायची नव्हती.

दुकानात एका सरकारी कारकुनाची शेरवानी शिवून तयार होती. ती चढवली. उस्तादांची गोंड्याची रुमी टोपी घातली. खेड्यातला पोरगा म्हणून कोणी हाकलायला नको, एवढाच हेतू! महादेवीच्या अटी विसरायला नकोत म्हणून वही-पेन्सिलही घेतली.

आता तेव्हा लेव्हीची सक्ती होती हे तुम्हाला आठवत असेल. ज्वारी सरकारात घालायची, आणि घरात जास्तीची सापडली की जप्त. अंमलदार गल्लोगल्ली फिरायचे. मलाही हे ठाऊक होतं. पण माझ्याकडं बघून कोणाला अंमलदार आठवेल, हे कुठं ठाऊक होतं?

पहिलं घर आंबूबाईचं. विधवा म्हातारी, आवाज आख्ख्या गल्लीत पोचेल असा. मी उंबऱ्याकडं बघत वही उघडली आणि विचारलं, "घरात माणसं किती?"

"च... चार, साहेब."

"ज्वारी कुठं ठेवता?"

आंबूबाई सरकून आतल्या खोलीच्या दारात उभी राहिली. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. म्हणून मोठ्यानं विचारलं, "त्या आतल्या खोलीत कोरडं असतं का? बघू का जरा?"

"आत नगा जाऊ!" ती किंचाळली. "सून बाळंत झालीय!"

मी दोन पावलं मागं सरलो. बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष कसा जाईल? पण आनंद झाला. वहीत लिहिलं, 'लेकुरवाळी, एक.'

शेजारचं घर दादारावांचं. आंबूबाई परसातून माझ्या आधी तिथं पोचली, ते मला दिसलं. वाटलं, शेजारधर्म! दादाराव हात जोडूनच उभे होते.

"दादा, तुमची ज्वारी..."

"बाळंतीण हाय, साहेब!"

"तुमचीपण सून?"

दादाराव घुटमळले. घरात ते आणि त्यांची म्हातारी, दोघंच. "व्हय... म्हंजे... हाय एक."

पुढच्या तीन घरांत तर मी तोंड उघडायच्या आत दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला होता आणि शेगडीवर ओव्याची धुरी चालू होती. पाच घरं, पाच बाळंतिणी! मला गहिवरून आलं. बसूला पाच सवंगडी! देवानं ही गल्ली माझ्यासाठीच वसवली होती.

मी धीर करून दादारावांना म्हणालो, "मला हितंच राह्यला यायचंय. बायको-पोरासकट."

ते मटकन ओट्यावर बसले. मग म्हणाले, "या की. आमची काय बिशाद न्हाई म्हणायची?" आणि रस्त्याकडची त्यांची सगळ्यात चांगली खोली मला दिली.

असे शेजारी मिळायला नशीब लागतं, असं मी मुरूमला सांगितलं. महादेवीनं पाच बोटं उघडून दाखवली. "पाच? खरंच पाच?"

"वहीत लिवलंय!"

आठ दिवसांनी आम्ही मोटारीनं आलो. शेरवानी केव्हाच परत गेली होती, मी साध्या सदऱ्यात. तरी सगळे मला साहेबच म्हणत होते. महादेवी माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघायला लागली. मुरूमला मला कोणी 'अहो'सुद्धा म्हणत नव्हतं! मला वाटलं, धाराशिवची माणसंच अदबीची.

आंबूबाईनं आल्या आल्या बसूला उचललं. "द्या हिकडं पोराला. तुमी चूल पेटवा, बाई."

बाळंतिणींसाठी मी दुकानातल्या चिंध्यांची पाच टोपडी शिवली होती, बसूच्याच मापाची, म्हणजे पुढं वाढत्या डोक्याला पुरतील. महादेवी म्हणाली, "ओटी घेऊन मी उद्या जाते. तुमी आज टोपडी तेवढी देऊन या."

मी निघालो. आंबूबाईच्या दारात म्हणालो, "मावशी, बाळाला आणा. टोपडं देणाऱ्यानं आपल्या हातानं घालावं म्हणतात."

आत बरीच कुजबुज झाली. मग आंबूबाई दुपट्यात नाकापर्यंत गुंडाळलेलं बाळ घेऊन आली. मी तिच्या पायांकडं बघतच टोपडं घातलं. बरोब्बर बसलं. सोळा इंच!

"धा दिसाचं पोर, आणि एवढं डोकं?" मी विचारलं.

"आमच्या आडाचं पाणीच तसं हाय, साहेब."

दुसऱ्या घरी दादाराव बाळ घेऊन आले. त्यांना धाप का लागली होती, मला कळलं नाही. पुन्हा सोळा इंच. "नाक अगदी तुमच्यावर गेलंय," मी म्हणालो.

"गेलं आसंल," दादाराव म्हणाले. "मला काय म्हाईत?"

तिसऱ्या घरी सोळा. चौथ्या घरी सोळा, आणि तिथल्या बाळानं खदखदून हसून माझी मिशी ओढली. मी त्यांना म्हणालो, "लई धीट पोर हाय. आमचा बसू बघा, परक्यांना लई भितो."

हसू नका, अजून पाचवं घर आहे.

पाचव्या घरी बाळ रडायला लागलं. मी पहिल्यांदाच नीट वाकून बघितलं आणि घरच्या बाईला दिलासा दिला, "कान जरा सुपावानी हाईत. पण तुमी मनाला लावून घेऊ नका. मोठं झाल्यावर शोभतील."

"तुमचे शोभले का?"

मागं महादेवी उभी होती. रडणं ओळखून चूल सोडून धावत आली होती. तिनं बाळ ओढून घेतलं, दुपटं बाजूला केलं, आणि बसू आईला बघून गप्प झाला.

"अय्यो!" ती म्हणाली. "पोटच्या पोराला ओळखलं न्हाई?"

तेवढ्यात परसातल्या भिंतीवरून आंबूबाई उतरली. तिच्या ओच्यातून माझीच चार टोपडी खाली पडली.

"साहेब, तुरुंगात घालू नगा!" तिनं हात जोडले आणि त्या घरच्या बाळंतिणीच्या खोलीचं दार उघडलं. आत आढ्यापर्यंत ज्वारीची पोती. पुढच्या पोत्यावर गोधडी पांघरलेली, आणि समोर शेगडी.

"मावशी," मी म्हणालो, "मी टेलर हाय."

तोवर आख्खी गल्ली दारात जमली होती.

"टेलर?" दादाराव पुढं आले. "आन् आमी आठ दिस धूर खातोय? माझ्या म्हातारीला बाळंतीण म्हणून बाजेवर निजवलीय! ती आता उठंना झालीय! अळिवाचे लाडू मागतीय!"

आंबूबाईनं तर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी मान खाली घालून उभा. महादेवीनं आमच्या खोलीत जाऊन बोचकं बांधायला घेतलं. ना बाळंतीण, ना सवंगडी, आणि बाप असा! माझ्या डोळ्यांपुढं दिवाळीपर्यंतच्या सगळ्या भाकऱ्या आल्या.

"पोरी," मागोमाग आलेल्या आंबूबाईचा आवाज आला. "ह्याला जायाचं तर जाऊ दे. पर पोर ठिवून जा. लई हसरं हाय."

"व्वा गं! आमच्या घरी हसलं ते," चौथ्या घरची बाई म्हणाली.

"आमच्याकडं तर झोपलंवतं!" दादाराव म्हणाले.

बसूवरून पाच घरांचं भांडण लागलं. महादेवी बोचकं तसंच ठेवून ऐकत राहिली, आणि मग अशी हसत सुटली की खाली बसली.

"राहते," ती शेवटी मला म्हणाली. "पोर सांभाळायला पाच घरं मिळाली. पण एक अट. दुकानातून येताना आंबूमावशीकडून बसूला रोज तुमीच आणायचं. त्याचं तोंड बघायला शिका."

मी मनावर घेतलं. महिनाभर रोज आणला. कान पाठ केले, नाक पाठ केलं. मग एक दिवस आंबूबाईकडं तिची लेकुरवाळी लेक आली होती म्हणून घरात बायकांची ही गर्दी. पण मी न लाजता आत गेलो, पाळण्यातलं बाळ दुपट्यासकट उचललं आणि ताठ मानेनं घरी आणलं.

"बघ," म्हणालो, "कोणाला न विचारता ओळखलं!"

महादेवीनं दुपटं सोडलं. मग म्हणाली, "गोड हाय हो. पण ही मुलगी हाय."