माझ्याशिवाय उडालेलं जॅकेट

शिरगावातल्या घरातून निघालो तेव्हा बॅगा हलक्या होत्या आणि मी जड. मी जड असण्यात नवीन काही नाही. बॅगा मात्र मुद्दाम हलक्या ठेवल्या होत्या.

भाची गौरी अरुणाचलातल्या एका डोंगरी गावात बाळंत झाली होती. ताईला गुडघ्यांमुळे जाता येईना, म्हणून डिंकाचे लाडू पोचवायला मी आणि बायको नंदा निघालो. अंबरनाथला ताईने डबा नंदाच्या हातात दिला. माझ्या हातात नाही, हे लक्षात घ्या.

"सुध्या, लाडू तिच्यापर्यंत पोचले पाहिजेत. तू नाही पोचलास तरी चालेल."

पुढे उल्हासनगर, कॅम्प दोन. तिथल्या सिंधी टेलरकडे मी एक जॅकेट शिवायला टाकलं होतं, आतून नुसते खिसेच खिसे. विमानवाले बॅगेतला रुमालही तोलून घेतात, माणसाला मात्र कोणी काट्यावर उभं करत नाही. या औदार्याचा फायदा घ्यायला नको?

"साईं (इथे गिऱ्हाइकाला असंच म्हणतात), पूरा किराणा आ जाएगा," टेलर म्हणाला. "बस, झुकना मत. पापड़ टूटेंगे."

लाडू, पापड, मेतकूट, बाळंतकाढ्याची बाटली. सगळं खिशांत भरलं. मे महिन्यात ते जॅकेट घालून मी विमानतळावर उतरलो, तेव्हा लोक आदराने बाजूला होत होते. तपासणीत जॅकेटचा ट्रे उचलायला दोघं लागले. "ये जॅकेट है या गोदाम?" एकाने विचारलं. बाटली तेवढी त्याने ठेवून घेतली.

विमानात चढायच्या रांगेत पुढे एक काटकुळा तरुण हातातल्या बॅगेच्या जादा वजनाचे पैसे भरत होता. मला राहवलं नाही. "खरं म्हणजे यांनी माणसांचं वजन करायला पाहिजे," मी मोठ्याने म्हणालो. "तुमच्यासारख्यांवर अन्याय आहे हा!"

"अहो, हळू बोला. ऐकतील ना कोणीतरी," असं म्हणत नंदाने कोपर मारलं. पहिला पापड तेव्हा मोडला.

विमान उतरलं आसामात. तिथून पुढे गौरीच्या गावी हेलिकॉप्टर. छोटंसं मैदान, पत्र्याची शेड, बाहेर झकास लाल चहा. आणि शेडच्या दारात काटा. माणसांसाठी.

"साहब, ऊपर आइए। जॅकेट के साथ।"

बुकिंगच्या वेळी फोनवर वजन विचारलं होतं, तेव्हा मी लग्नातलं सांगितलं होतं. काट्याला माझ्या लग्नाशी काही देणंघेणं नव्हतं. तो काटकुळा तरुणही त्याच हेलिकॉप्टरला होता. तो चहाचा कप घेऊन जरा जवळ येऊन उभा राहिला.

कर्मचाऱ्याने आकडेमोड केली. "सामान छोड़िए, या आप रुकिए। अगली सर्विस परसों।"

मी म्हणालो, "लाडू परत नेऊ. गौरी समजून घेईल."

"गौरी घेईल. वन्संना कोण सांगणार?" नंदाने हात पुढे केला. "काढा जॅकेट."

ते जॅकेट अंगावर चढवून ती काट्यावर उभी राहिली. कर्मचारी प्रसन्न हसला. हेलिकॉप्टर उडालं तेव्हा खिडकीतून हात हलवणारी बाही माझी होती, हात तिचा. दोन दिवसांनी धुकं पडलं आणि पुढच्या फेऱ्याच रद्द झाल्या. नंदा परत येईपर्यंत मी त्या शेडबाहेर चहा पीत वजन वाढवत होतो.

परतताना अंबरनाथला उतरलो. ताई फोनवर बाळाचा आवाज ऐकत बसली होती.

"गौरी चार घास नीट जेवायला लागली रे," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तुला कसं वाटलं बाळ?"

नंदाने माझ्याकडे पाहिलं. मी जॅकेटच्या खिशातून पापडाचा उरलेला तुकडा काढला आणि तोंडात टाकला. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

विमान कंपन्यांनी प्रवाशांचं वजन करावं का? जरूर करावं. फक्त रांगेत माझ्या मागच्या माणसापासून सुरुवात करावी.