चालतं घर आणि मामाची मांडी

फुलसावंगीला पोचलो तेव्हा माझ्याजवळ जीप होती, जीपला मागे हूक होता आणि हुकाला काहीही नव्हतं. बोरी अरबहून निघताना त्या हुकाला एक अख्खं घर लावलेलं होतं. घरात दोन खाटा होत्या, पाण्याचा माठ होता, एक खिडकी होती, आणि माझी आई व बायको होत्या. (सामानात शेवटी घातलं म्हणून सुशीलेला, म्हणजे माझ्या बायकोला, राग येईल. पण त्या दिवशी त्या मला आठवल्याही त्याच क्रमाने.)

गोष्ट साठ सालच्या आसपासची. माझी धाकटी बहीण विमल फुलसावंगीत दिलेली. तिला पहिला मुलगा झाला आणि त्याचं जावळ काढायचं ठरलं. जावळ मामाच्या मांडीवर काढतात, आणि त्या पोराला सबंध पृथ्वीतलावर मी एकटाच मामा! त्यात तिच्या सासरी आमची ख्याती अशी की, ही माणसं येतो म्हणतात आणि येत नाहीत. बैलबंडीचा प्रवास, काळी माती, वाटेत चाक फसलं की दिवस गेला. पहिल्या दिवाळीला आम्ही पोचलो तेव्हा तिच्या घरचे फराळाचे डबे धुऊन पालथे घातलेले होते. या खेपेला विमलचा निरोप आला तो एवढाच, की दादा, सगळ्यांदेखत सांगून बसले आहे, माझा भाऊ वेळेवर येईल. काहीही झालं तरी ते पोरगं माझ्याच मांडीवर बसणार, असं मी घरात जाहीर केलं.

जीप मी आदल्या वर्षी घेतली होती, लष्कराच्या मोडीतली. पण आई तिच्यात बसायला तयार नव्हती. बंडीत आडवं होता येतं, नाल्याकाठी उतरून रोडगे भाजता येतात, रात्री अंगावर पांघरूण घेऊन झोपता येतं. जीपमध्ये नुसते दात वाजतात, असं तिचं म्हणणं. तेव्हा मला कल्पना सुचली. जीपची धाव आणि बंडीचा आराम एकत्र करायचा. जीपच्या मागे ओढायचं घर करायचं!

नागपूरला लष्कराच्या जुन्या सामानात ट्रेलर मिळतात असं कळलं आणि मी उन्हाळाभर खेटे घातले. एक ट्रेलर पाहिला तो इतका लांब, की बोरीच्या वळणावर त्याचं पुढचं टोक आणि मागचं टोक दोन वेगळ्या गल्ल्यांत राहिली असती. दुसऱ्यात आई झोपली असती, पण पाय बाहेर ठेवून. मी प्रत्येकाच्या खाली आडवा होऊन पाहिलं. (काय पाहायचं ते ठाऊक नव्हतं, पण आडवं झालं की विकणाऱ्यावर छाप पडते.) शेवटी एक पसंत पडला. उंच चाकं, जमिनीपासून वर असलेलं पोट, रस्ता सोडून शेतातून, नाल्यातून कुठेही जाईल असा. दर खेपेला हात हलवत परत आलेल्या मला पाहून सुशीला एकदा शांतपणे म्हणाली, "माह्या बाबानं तुमाले पायलं अन् चहा थंडा व्हायच्या आत हो म्हणून टाकलं. तुमी एक डबा पसंत कराले उन्हाळा लावून राह्यले."

सुताराने आत खाटा ठोकल्या, वर ताडपत्रीचं छप्पर चढवलं, मागे पडदा लावला. गाव त्याला 'चालतं घर' म्हणू लागलं. सुशीला त्याला कोंडवाडा म्हणायची.

आता बाबांविषयी सांगायला हवं. माझ्या वडिलांचा सारा जन्म बंडी हाकण्यात गेला. बैल हे त्यांचं दैवत. वाटेत बंडी थांबली की पहिलं काम बैल सोडायचे, दांडीखाली टेकू लावायचा, चाकाला दगड लावायचा, मग स्वतः पाणी प्यायचं. मानेवर जू तसंच ठेवून बैलाला उभं करणारा माणूस त्यांच्या मते माणूसच नव्हे. जीपकडे ते जरा संशयाने पाहायचे, पण जुंपलेलं जनावर ते जुंपलेलं जनावर, मग ते पेट्रोल का पिईना!

जावळाच्या आदल्या दिवशी सकाळी निघालो. बाबा माझ्या शेजारी, आई आणि सुशीला मागे घरात, धूळ नको म्हणून पडदा खाली सोडलेला. दारव्ह्याला मी पान खायला उतरलो. परत येऊन जीप सुरू करतो तर शेजारचा दुकानदार हातवारे करतोय. उतरून पाहिलं. हुकाची खीळ काढलेली, ट्रेलर टेकूवर उभा, चाकाला दगड. बाबा बाजूला तंबाखू मळत होते.

"बाबा, हे काहून सोडलं?"

"थांबली ना गाडी. इसावा नको तिले?"

मी समजावलं, की जीपला मान नसते, खांदा नसतो, खांदा सुजत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दिग्रसला पुन्हा सोडला! मी पुन्हा जुंपला, पुन्हा समजावलं, या वेळी जरा मोठ्याने. संध्याकाळी नाल्याकाठी मुक्काम केला. आईने रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली, आणि खाटेवर पाय पसरून म्हणाली की पोराने आयुष्यात एक काम नीट केलं. बाबा मात्र घरात झोपायला आले नाहीत. ते जन्मभर बंडीखाली झोपलेले, म्हणून ट्रेलरखाली झोपले. सकाळी पाहतो तर जीपचं पुढचं चाक दोरीने बाभळीला बांधलेलं. कोणी सोडून नेली तर, असं त्यांचं उत्तर होतं.

पुसद मागे पडलं. फुलसावंगी चार-एक कोसांवर असेल, तेवढ्यात एका चढावर जीपच्या तोंडातून वाफ निघाली. मी बादली घेऊन खाली नाल्यावर गेलो. येऊन रेडिएटरमध्ये पाणी ओतलं, बोनेट आपटलं, घड्याळ पाहिलं. बाबा बाभळीमागून धोतर सावरत आले आणि बसले. मी जीप पुढे काढली.

आणि काय सांगू, जीप पळायलाच लागली! चढ संपला, गिअर बदलला, हादरे नाहीत, ओढ नाही, खडखड नाही. मी खूश झालो. बाबांना म्हटलं, पाहा, याला म्हणतात पसंती. उन्हाळाभर उगाच नाही फिरलो. मागे घर आहे असं जाणवतं तरी का?

"नाही," बाबा म्हणाले. "आवाजबी नाही."

मी वाटभर ट्रेलरवर व्याख्यान दिलं. वजन कुठे असावं, चाकं किती रुंद असावीत, वळणावर तो कसा मुकाट मागे येतो. बाबा मान डोलवत होते. (मागे वळून का पाहिलं नाही, असं मला पुढे पुष्कळांनी विचारलं. जीपच्या मागच्या ताडपत्रीला आहेराचं गाठोडं टेकलेलं होतं, आणि ज्याला आपल्या निवडीवर इतका भरवसा असतो तो वळून पाहत नाही.)

विमलच्या दारात सगळा गाव जमलेला. तिचे सासरे नारायणराव पुढे आले, विमल बाळाला कडेवर घेऊन आली, न्हावी वस्तरा परजून बसलेला. मी उतरलो तो छाती काढूनच. बाळाला घ्यायचं सोडून मी आधी सगळ्यांना हाताने जीपच्या मागे बोलावलं, ट्रेलरच्या जागेकडे पाठ केली आणि बोलायला सुरुवात केली. आत दोन खाटा आहेत. हवेला खिडकी आहे. थंड पाण्याचा माठ आहे. माय तर कालपासून उतरायलाच तयार नाही.

माणसं एकमेकांकडे पाहत होती. नारायणराव फार सभ्य गृहस्थ. ते म्हणाले, "चांगलं हाय. पण हाय कोठी?"

मी वळलो. हूक मोकळा होता आणि त्याच्यापलीकडे फुलसावंगीचा रस्ता होता.

"बाबा, सोडला कोणी?"

"म्या सोडला. पाण्याले थांबलो ना आपण."

"मंग जुंपला काहून नाही?"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की हा माझाच मुलगा का. "हाकणारा तू. जुंपणं हाकणाऱ्याचं काम असते. जोतं न पाहता बंडीवर बसलेला माणूस म्या आजवर पायला नाही."

हे सगळ्या गावाने ऐकलं, आणि त्यातल्या प्रत्येक बंडीवाल्याने मान हलवली. माझ्या बाजूने एकही नव्हता. विमलच्या डोळ्यांत पाणी आलं. "दादा," ती म्हणाली, "माहेरचं माणूस आलं, अन् माहेर वाटेत सोडून आलं." मी म्हटलं, जातो आणि घेऊन येतो, तोवर पोराच्या केसाला हात लावू नका. ऊन उतरायच्या आत जावळ झालं पाहिजे, असं नारायणरावांनी हळूच सांगितलं. मी जीप वळवली.

चढावर पोचलो. तिथे चाकाला लावलेले दगड होते, तीन दगडांची चूल होती, चुलीत राख गरम होती. घर नव्हतं! मी हाका मारल्या. नाल्यात उतरलो, पलीकडे चढलो, तुरीच्या शेतात शिरलो. एका गुराख्याला विचारलं, इथून एक घर जाताना पाहिलंस का? तो दोन पावलं मागे सरकला. दुसऱ्याने पाहिलं होतं. त्याने शेतांकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "थ्या वावरातून गेलं." मी त्या वावरातून जीप घातली आणि पहिल्याच ढेकळांत रुतून बसलो. रस्ता सोडून कुठेही जाईल असा ट्रेलर मी निवडला होता. तो रस्ता सोडून गेला होता, आणि मी मागे राहिलो होतो.

गुराख्यांनी ढकलून जीप बाहेर काढली. फुलसावंगीला परत पोचलो तेव्हा ऊन उतरून गेलं होतं. नारायणरावांच्या अंगणात माझं चालतं घर उभं होतं. दांडीला एक जू करकचून बांधलेलं, शेजारी दोन बैल कडबा खात होते. ट्रेलरच्या पायरीवर सुशीला बसलेली, तिच्या मांडीवर बाळ, आणि बाळाच्या डोक्यावर एक केस नाही.

झालं होतं ते असं. जीप निघून गेली तेव्हा आई जागी होती. तिने सुशीलेला सांगितलं, "पाणी पाजाले नेली असन. येतीन." आणि निवांत चूल पेटवली. रोडगे भाजून झाले, जीप पाणी पिऊन येईना. तेवढ्यात जवळच्या बंजारा तांड्यावरचे सोमला नाईक बैल घेऊन आले. त्यांच्या वाडवडिलांनी बैलांवर माल लादून मुलूख पालथा घातलेला. रानातून जवळची वाट कोणती हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. त्यांनी त्यांच्या बोलीत आईला आई म्हणूनच हाक मारली, "याडी, कुठं जायचं?" आईने त्यांना रोडगा दिला आणि गावाचं नाव सांगितलं. मी रस्त्याने त्यांना शोधत होतो तेव्हा त्या दोघी खाटांवर पडून रानातून फुलसावंगीला चालल्या होत्या. पोचल्या त्या ऊन असताना, वेळेवर.

मामा नव्हता. न्हावी थांबेना, विमल रडू लागली, तेव्हा आईने निकाल दिला की मामी म्हणजे अर्धा मामाच, आणि या घरात कामाचा अर्धा तोच. पोरगं सुशीलेच्या मांडीवर बसलं. मामाच्या मानाचा शेला नाईकांच्या खांद्यावर गेला. घर त्यांनी आणलं होतं, मी हूक आणला होता. कुणी मला दोष दिला नाही, उलट विमलने गूळपाणी दिलं. तेच मला फार लागलं. मी बाळाला घ्यायला हात पुढे केले, तर त्याने मला एकदा पाहिलं आणि मामीच्या पदरात तोंड खुपसलं.

दुसऱ्या दिवशी निघायच्या वेळी मी खीळ बसवत होतो. बसवली, ओढून पाहिली, पुन्हा बसवली. सुशीला खिडकीतून बघत होती. मला राहवलं नाही. म्हटलं, बाकी काही असो, ट्रेलर मी चांगला निवडला की नाही?

"ट्रेलर लय चांगला हाय," ती म्हणाली. "वावरातून आला, पाटीतला रोडगाबी हालला नाही. ओढणारं तेवढं पाहून घ्याले पायजे होतं." मग खिडकीचा पडदा सोडता सोडता म्हणाली, "माह्या बाबानं थो चहा जरा थंडा होऊ द्याले पायजे होता."

मी खाली वाकून खीळ आणखी एकदा पाहिली.