हवामिस्त्रींची सायकल

हवामिस्त्री गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कधी बघत नसत. त्याला सायकलवर बसवायचं, उकिडवं बसून टायर किती दबतं ते न्याहाळायचं आणि मगच हवा भरायची. "तोंड खोटं बोलतं, बूड न्हाई बोलत," असं म्हणत. पिंगळीत मी मास्तर होतो त्या शाळेसमोरच त्यांचं दुकान होतं, त्यामुळं मधली सुट्टी मी तिथंच काढी.

त्यांच्या बायकोला, रुक्माकाकूंना, पाठीच्या कण्याचा आजार जडला. दर आठवड्याला सायकलवरून परभणीच्या दवाखान्यात न्यावं लागे आणि प्रत्येक खड्ड्याला त्या कळवळत. मिस्त्रींनी हवा भरायच्या जुन्या पंपाची नळी कॅरिअरखाली उभी बसवली आणि आत हवा कोंडली. धक्का बसला की कॅरिअरला टेकलेला पंपाचा दांडा आत दबे, सावकाश वर येई. काकू बसल्यावर तो कुठवर दबावा, याची तांबडी खूण त्यांनी केली होती. हवा जास्त झाली तर गचके, कमी झाली तर आदळआपट. बरोबर खुणेवर असली की काकू वाटेत डुलकी घेत.

पुढं पुढं ते दर खेपेला थोडी हवा सोडू लागले. मी विचारलं, तेव्हा नळीवरचा हात न काढता म्हणाले, "ती हलकी व्हायलीय, गुर्जी. डाक्टरला अजून कळलं न्हाई."

दोन महिन्यांत काकू गेल्या.

तेराव्यानंतर त्यांनी मला दुकानात बोलावलं. सायकल स्टँडवर रिकामी उभी होती आणि दांडा खुणेपर्यंत दबलेला. हवा गळत असेल, मी म्हणालो. त्यांनी नळीवर पाणी ओतलं. एक बुडबुडा आला नाही. मग पंप मारून दांडा वर आणला. आम्ही चहा घेतला. कप खाली ठेवतो तोवर दांडा पुन्हा खुणेवर. मी माझं स्टूल जरा मागं ओढलं. मिस्त्री मात्र कितीतरी दिवसांनी निवांत दिसत होते.

माझी मानवतला बदली झाली. निघायच्या दिवशी नामांतराचा बंद होता, एसटी नव्हती. रेल्वे स्टेशनवर सोडायला मिस्त्री तीच सायकल घेऊन आले. मी संकोचत कॅरिअरवर बसलो. त्यांनी पायडल मारलं नाही. हळूच म्हणाले, "जरा पुढं सरका, गुर्जी. तिला बसू द्या."

मी सरकलो. कॅरिअर आणखी बोटभर खाली गेलं.

त्या खडबडीत वाटेवर एकही गचका बसला नाही. मी मागं वळून पाहिलं नाही. स्टेशनवर उतरून मिस्त्रींचा निरोप घेतला आणि मान खाली घालूनच काकूंनाही म्हणालो, "येतो."