घाटात सोडलेली गाठ

देवावर तुझा विश्वास आहे का, असं त्या वर्षी मला कोणी विचारलं असतं, तर मी गप्प राहिले असते. मुलांनो, लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि आमचं घर रिकामं होतं. नागपुरात मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांत राहून घरी यायचं, आणि दार उघडलं की समोरच्या कोपऱ्यात तो त्रिशूळ दिसायचा. सासूबाई पचमढीच्या मोठ्या महादेवाला नवस बोलल्या होत्या, नातवंड झालं की तिथल्या चौरागडाच्या डोंगरावर त्रिशूळ वाहीन. इतकी खात्री होती त्यांना, की लोहाराकडून तो आधीच घडवून आणला. पुढे त्या गेल्या आणि त्रिशूळ कोपऱ्यातच राहिला. दर सोमवारी मी तो पुसून त्याला तेलाचं बोट लावत असे, एरवी त्याच्याकडे पाहायचं टाळत असे.

तुमचे आजोबा उमरेडकडच्या कोळसा खाणीत सर्व्हेअर होते, मोजून मापून बोलणारे. एकदा त्यांनी हळूच सुचवलं होतं की आपण अनाथाश्रमातून मूल आणू या. मी भरल्या ताटावरून उठून गेले. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मला माझ्या पोटचं हवं होतं. बाजारात एखाद्या बाईच्या खांद्यावर झोपलेलं मूल दिसलं की माझा मोकळा खांदा दुखू लागे, इतकं हवं होतं.

मग एका महाशिवरात्रीच्या आधी ते म्हणाले, नवस फळला नाही तरी वस्तू देवाची आहे, त्याची त्याला देऊन येऊ. मी हो म्हटलं, पण माझा हिशेब वेगळा होता. आधीच वाहिला तर भिडेखातर तरी देवाला मूल द्यावंच लागेल, असं मला वाटत होतं.

आमची मोटारसायकल जड, लांबच्या प्रवासाची. तिच्या डाव्या अंगाला, टाकीखालच्या सांगाड्याच्या नळीशी, मी सासूबाईंच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी त्रिशूळ बांधला. सावनेर गेलं, सौंसर जवळ आलं, पळस फुललेला होता. तेवढ्यात गाडी विचित्र वागू लागली. मूठ पिळली की इंजिन ओरडे, पण वेग वाढेना. क्लच घसरतोय, असं आजोबा म्हणाले. इंजिनाचं बळ चाकापर्यंत पोचवणाऱ्या काही चकत्या असतात. डाव्या मुठीजवळची लिव्हर दाबली की त्या सुटतात, सोडली की एकमेकींना घट्ट धरतात. त्यांनी धरलंच नाही तर इंजिन कितीही तळमळलं तरी गाडी जागची हलत नाही. त्या काळात मला हे फार चटकन समजलं.

आजोबांनी लिव्हर चाचपली. तिला सुरुवातीला थोडी ढिलाई हवी, ती मुळीच नव्हती, म्हणजे लिव्हरपासून क्लचपर्यंत जाणारी वायर सतत ताणलेली होती. स्क्रू फिरवून त्यांनी ती सैल केली आणि गाडी छिंदवाड्यापर्यंत नीट गेली. तिथे चहाला थांबलो तेव्हा मला त्रिशूळ हलतोय असं वाटलं. मी गाठ पुन्हा आवळली. तामियाच्या चढावर क्लच परत घसरला. त्यांनी परत वायर सैल केली, आणि रस्ता खडबडीत म्हणून मी परत गाठ आवळली. दोघंही आपापलं काम मन लावून करत होतो.

मटकुलीनंतरच्या घाटात गाडीने मान टाकली. जळका वास येऊ लागला, स्क्रू फिरवायलाही जागा उरली नाही. आजोबा म्हणाले, चकत्या गेल्या असाव्यात, ट्रकवर घालून परत न्यावी लागेल. मी दगडावर बसले. आपला नवस देवाला अर्ध्या वाटेवरूनच नको झाला, असं मनात आलं आणि रडू आवरेना.

यात्रेकरूंचे जथे पायी चालले होते. त्यातली एक बाई थांबली. माझ्याच वयाची, अनवाणी, खांद्यावर नुसतं गाठोडं. तिने गाडीकडे पाहिलं आणि हसली. "नंदीवर बसनारा देव, तुमी त्याले फटफटीले बांधलं. चालन कशी ते?" मग वाकून तिने पट्ट्या चाचपल्या. "किती आवळलं वं बाई. जीव घुसमटला त्याचा. कोनाचा नवस हाय?"

मी सासूबाईंचं सांगितलं. लेकरू झालं का, असं तिने विचारलं. मी नकारार्थी मान हलवली.

"मंग तुमी कायले वाहून राहिल्या? मले द्या. माहे हात रिकामेच हायेत."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. अनोळखी बाई, घाटातली गर्दी. नको म्हणायला मी तोंड उघडलं, आणि माझेच हात गाठ सोडू लागले. ते कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चौरागडाच्या पायथ्याशी भेटायचं ठरलं. त्रिशूळ खांद्यावर टाकून ती वळणापलीकडे गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

आजोबांनी सवयीने लिव्हर दाबली आणि थबकले. ढिलाई परत आली होती. त्यांनी खाली वाकून पाहिलं. माझ्या पट्टीने क्लचची वायरही त्रिशुळाबरोबर नळीशी आवळून धरली होती. मी गाठ जितकी घट्ट करत होते, तितकी ती वायर ताणली जात होती. गाडी थोडी निवू दिली, मग किक मारली. गाडी सगळा घाट चढून गेली.

सकाळी आम्ही पायथ्याशी थांबलो. दुपार झाली, ती आली नाही. शेवटी रिकाम्या हातांनी वर चढलो. वर त्रिशुळांचे डोंगर रचलेले होते, एकासारखा दुसरा. आपला त्यात आहे की नाही, हे कळायला मार्ग नव्हता. मी हात जोडले, तर मागायला काही सुचेना. हवंसं वाटणं गेलं नव्हतं, ते तसंच होतं. फक्त ते मी एकटीने धरून ठेवलेलं नव्हतं.

परतताना सौंसरला संत्री घ्यायला थांबलो. संत्रं सोलता सोलता मी म्हटलं, "अहो, त्या आश्रमात जाऊन येऊ." आजोबांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "आधी घर सारवून घेऊ."

पुढच्या थंडीत तुमचे बाबा घरी आले. नुकतेच पावलं टाकू लागले होते. पहिल्याच संध्याकाळी ते माझ्या खांद्यावर झोपले आणि रात्रभर मी कूस बदलली नाही.

ती बाई कोण होती, मला माहीत नाही. मी शोधही केला नाही. तिची आठवण झाली की मी नमस्कार करते, एवढंच. आजोबा शेवटपर्यंत गाडी काढताना लिव्हर बोटाने हलवून बघत आणि माझ्याकडे पाहून म्हणत, एवढी ढिलाई ठेवावी. आता तुम्ही सगळे इतके लांब आहात. फोन ठेवताना दरवेळी ओठांवर येतं, कधी येणार? घट्ट गाठ मारायची सवय जात नाही. मग घाटातलं ते वळण आठवतं, आणि मी म्हणते, सुखात राहा.