माधवनगरच्या त्या घरात कॉलर आयडी मीच बसवला

मित्रांनो, सांगलीच्या सायबर कॅफेतनं लिहितोय. डोकं अजून गरम आहे.

कॉलेज सोडल्यापासून मी टेलिफोनच्या दुकानात कामाला आहे. आज मालकानं कॉलर आयडीचं, म्हणजे फोन कुठल्या नंबरवरनं आला ते दाखवणारं, मशीन बसवायला माधवनगरला पाठवलं. पत्ता बघितला, तर कॉलेजात माझ्या वर्गात होती, तिचंच घर.

तिला मी रोज पीसीओ बूथवरनं फोन करायचो. तिनं उचलला की गप्प राहून नुसता आवाज ऐकायचो. मीच आहे हे तिला कळत असणार, आवडत असणार, असं मी धरून चाललो होतो.

तिचे वडील म्हणाले, "कोण बेणं रोज फोन करतंय आन् बोलत न्हाई. पोरगी फोनजवळ जायला भ्याय लागली. मशीन घ्या म्हणून तिनंच हट्ट धरला बघा."

वाटलं, मशीन भिंतीवर आपटावं. पण गपचूप वायर जोडली.

तिनं दारातनं विचारलं, "बूथचा नंबरपण दिसंल न्हवं?"

"दिसंल," मी म्हणालो.

"मग बरं झालं."

आमचं आजवरचं बोलणं एवढंच.

आता ही मशीनं घरोघरी येतील. गड्यांनो, तुमच्यातला कोण असे फोन करत असेल तर खरं सांगा, तिला ते आवडतंय हे तुम्हाला कुणी सांगितलं?