पाचवा रकाना

ऐंशीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी बेळगावच्या एका कॉलेजात ग्रंथालय सहायक होते. आमच्या एका प्राध्यापकांना बढती मिळून रीडर व्हायचं होतं. निवड समितीनं त्या वर्षी नवंच काहीतरी मागितलं: तुमच्या संशोधनाचा संदर्भ कुणी कुणी दिला आणि तुम्ही कुणाकुणाबरोबर काम केलं, याची यादी. सर सरळ माझ्याकडे आले. यादी म्हटली की कॉलेजात माझंच नाव निघायचं.

मी कॅटलॉगची कोरी कार्डं घेऊन पाच रकाने आखले. कुणी, कुठे, कोणत्या वर्षी, सरांच्या कोणत्या लेखाचा, आणि कशासाठी. पाचवा रकाना कुणी मागितला नव्हता. तो माझ्या सवयीचा.

सहलेखकांची यादी दहा मिनिटांत झाली. एक डॉक्टर आणि धारवाडचे एक संख्याशास्त्रज्ञ, एवढीच. संदर्भांना मात्र वेळ लागला. त्यांची छापील सूची असते, जाडजूड, मुंगीएवढ्या अक्षरांची. ती बेळगावात नव्हती. बेंगलोरच्या एका ग्रंथालयात तीन दिवस बसून मी ती भिंगानं वाचली. सूचीत नुसता पत्ता मिळतो. मग तो अंक काढायचा, पान उघडायचं आणि सरांचं नाव कोणत्या वाक्याला जोडलंय ते बघायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लक्षात आलं की चौथ्या रकान्यात मी एकच लेख पुन्हा पुन्हा लिहितेय आणि पाचव्यात जवळपास एकच वाक्य. तंबाखूच्या वखारीत कितीही वर्षं काम केलं तरी बायकांच्या फुप्फुसांत फारसा फरक दिसत नाही. पहिल्याचं वाचून दुसऱ्यानं लिहिलं होतं, दुसऱ्याचं वाचून तिसऱ्यानं. स्वतः मोजून बघितलेला एकही नव्हता.

मी पेन खाली ठेवलं. ते मोजमाप झालं तेव्हा मी तिथं होते.

निपाणी माझं आजोळ. माझी मावशी तिथल्या एका वखारीत जर्दा चाळायची. काही वर्षांपूर्वी सरांनी त्याच वखारीत दोन दिवस तपासणी केली होती आणि पहिल्या दिवशी नावांवर खुणा करायला मला नेलं होतं. अंगणात टेबल, टेबलावर फुंकायचं यंत्र, शेजारच्या खुर्चीत मॅनेजर. मस्टरवरचं नाव पुकारायचं, बाई यायची, नळीत फुंकायची, सर आकडा सांगायचे. मावशीचं नाव पुकारलं तेव्हा उठून आली ती तिची सून.

वखारीत ही रीतच होती. एखादी आजारी पडली की बहीण नाहीतर सून तिच्या नावावर कामाला उभी राहायची, कारण चार खाडे पडले की मस्टरवरून नाव जायचं. मॅनेजरला माणसं मोजायची सवय होती, चेहरे बघायची नव्हती. सुनेनं माझ्याकडे बघितलं नाही. मी मावशीच्या नावापुढे खूण केली. एवढ्या नावांत एक, असं मनाशी म्हटलं.

बेंगलोरहून आल्यावर पहिल्याच रविवारी मी निपाणीला गेले. मावशी भिंतीला टेकून, उशी पोटाशी धरून बसली होती. आडवं झालं की तिला श्वास पुरत नसे. त्या तपासणीत तुझ्यासारख्या आणखी कुणी होत्या का, असं मी विचारलं.

"तुला एक मीच दिसले व्हय गं?" म्हणून ती धाप ओसरेपर्यंत थांबली. "जिला जिला दम लागत हुता त्यातली एकबी फुकाय गेली न्हाय. मालकाच्या माणसापुढं कोण दावंल?"

सून चुलीपासून म्हणाली, "दुसऱ्या दिशी तू नव्हतीस. मी लुगडं बदलून शेजारणीच्या नावानंबी फुकून आलते. सायेब म्हणालं, लई चांगलं हाय. कुणाचं, त्ये न्हाय इचारलं."

आम्ही तिघी हसलो. हसताना मावशीला ठसका लागला आणि तो लवकर थांबेना.

सोमवारी मी सरांना सगळं सांगितलं, माझ्या खुणेसकट. कार्डांचा गठ्ठा त्यांच्या हातात होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला. मग विचारलं, "किती जणी?"

"यादी नाही केली," मी म्हणाले.

"नावं आणा, बाई," सर म्हणाले. "नावं असतील तर दुरुस्ती मी स्वतः छापायला पाठवतो. ऐकीव गोष्ट कुणी छापत नाही."

पुढचे तीन रविवार मी वही घेऊन निपाणीत फिरले. चहा प्रत्येक घरात मिळाला, नाव एकाही घरात नाही. एकीनं विचारलं, वही कुणाला दाखवणार. मी खरं सांगितलं, तशी ती कपबशा उचलून आत गेली. शेवटी मी मावशीकडे आले. निदान एक नाव हवं होतं.

"माझं नगं लिवू गं," ती म्हणाली. "माझं नाव गेलं तर सून कुणाच्या नावावर उभी ऱ्हाईल?"

वही कोरी राहिली. समितीची तारीख आली. सरांनी पाचव्या रकान्यावर रेघ मारली आणि मी चार रकान्यांची यादी टाइप केली. सर रीडर झाले. सूचीचे नवे खंड निघत राहिले. मी दर वर्षी बेंगलोरला जाऊन कार्डं वाढवत राहिले, कुणी मागितली नव्हती तरी. गठ्ठ्याला दोन वेळा मोठा खोका बघावा लागला.

चौथ्या वर्षी मावशीची सून एक कागद घेऊन बेळगावला माझ्या घरी आली. वखारीतल्या बायकांनी धीर करून कामगार खात्याकडे अर्ज दिला होता: डॉक्टरकडून तपासणी करा, धुळीचं काहीतरी बघा. त्याला आलेलं उत्तर इंग्रजीत टाइप केलेलं होतं. याच वखारीत शास्त्रीय तपासणी झालेली आहे, तेव्हा अर्जाचा विचार करण्याचं कारण नाही, असं त्यात होतं. खाली संदर्भ दिला होता. लेखक, वर्ष, पान. एकही चूक नव्हती.

वर अर्जदार म्हणून मावशीचं नाव होतं. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. मस्टरवर ती अजून कामाला होती.

"काय लिवलंय?" सुनेनं विचारलं. मी संदर्भाच्या ओळीवर बोट ठेवलं. तिला आणखी काही विचारायचं होतं. पण जिना चढून आली होती, ती भिंतीला टेकली आणि आधी तिनं दम घेतला.